एका तिकिटात ख्रिस्त, दुसऱ्या तिकिटात कृष्ण

कांजूरमार्गला आमच्या वसाहतीच्या मैदानात 'दयासागर' दाखवला गेला, तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं असावं. नाताळचा आठवडा होता. गावठाणातल्या ख्रिस्ती मुलांनी दोन बांबू रोवून पांढरा पडदा ताणला होता आणि पुढं सतरंज्या टाकल्या होत्या. प्रेक्षकांत निम्म्याहून अधिक मंडळी आमच्यासारखी, सातारा-रत्नागिरीकडून कारखान्यांच्या नोकरीपायी इथं येऊन राहिलेली. चित्रपट मुळात तेलुगू. 1978 साली आलेल्या 'करुणामयुडु'चं हे हिंदी रूप. विजयचंदर या नटानं त्यात येशूचं काम केलं होतं.

चित्रपटापेक्षा मला आठवते ती शेजारच्या काकूंची हालचाल. येशूच्या खांद्यावर क्रूस चढला तसा त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, पायांतल्या चपला काढून सतरंजीच्या बाहेर सरकवल्या आणि हात जोडले. मग शेजारणीला हळूच म्हणाल्या, "आपल्या तुकोबांनाही असंच छळलं गं." त्या काही ख्रिस्ती होणार नव्हत्या. दर आषाढीला उपास करणारी बाई ती, आणि पुढंही करतच राहिली. त्या संध्याकाळी त्यांना परक्या धर्मातलं काही पाहतो आहोत असं वाटलंच नव्हतं, किंवा वाटलं असलं तरी त्याची अडचण झाली नव्हती.

भारतीय चित्रपटाचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा काकूंची ती हालचाल मला पुन्हा भेटली. ती गिरगावात होती, सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधीची, आणि तिच्यातून एक आख्खा धंदा उभा राहिला होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांनी 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा चित्रपट पाहिला आणि त्यांना स्वतः चित्रपट काढायचं सुचलं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोहोचलेली आहे. इतकी, की ती वाचताना आपण आता थांबत नाही. थांबायला हवं. बायबलमधल्या कथेच्या चित्रपटाला एका प्रेक्षकानं दिलेला प्रतिसाद म्हणून ती पाहिली, तर तिच्यात बऱ्याच गाठी आहेत.

पहिली गाठ तारखेची. फाळक्यांनी 1917 च्या नोव्हेंबरपासून 'नवयुग' मासिकात 'भारतीय चित्रपट' या नावानं लेख लिहिले. त्यांत त्यांनी सांगितलं आहे की 1910 साली, नाताळातल्या एका शनिवारी, मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये हा चित्रपट पाहिला आणि आयुष्याला वळण लागलं. सरस्वतीबाई फाळके यांच्या आठवणींवरून रूढ झालेली हकीकत मात्र वेगळी आहे. तीनुसार 14 एप्रिल 1911 ला फाळके थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन याच थिएटरात प्राण्यांचा एक चित्रपट पाहून आले. पडद्यावर जनावरं हलतात हे मुलानं घरी सांगितलं, ते कुणाला पटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांना घेऊन गेले. पण ईस्टर असल्यामुळे त्या दिवशी प्राण्यांच्या ऐवजी ख्रिस्ताचा चित्रपट लावलेला होता.

मी जुनं कॅलेंडर काढून पाहिलं. 1911 चा ईस्टर 16 एप्रिलला होता. म्हणजे 14 तारीख गुड फ्रायडेची आणि 15 तारखेला शनिवार. नवरा नाताळचा शनिवार सांगतो, बायको ईस्टरचा शनिवार सांगते; सण बदलला तरी वार तोच राहिला आहे. माणसाच्या आठवणीत वार टिकतो, महिना सरकतो. शिवाय हेही ध्यानात ठेवलं पाहिजे की फाळके एकदाच गेले असं कुठं आहे? त्यांनीच लिहिलंय की खेळ संपल्यावर त्यांनी दुसरं तिकीट काढलं आणि तोच चित्रपट पुन्हा पाहिला. असा माणूस चार महिन्यांनी तिसऱ्यांदा घरच्यांना घेऊन गेला असेल तर नवल नाही. मला स्वतःला दोन्ही शनिवार खरे मानण्यात काही अडचण दिसत नाही.

तारखेवर फार वाद घालण्यात हशील नाही. पण दोन्ही आठवणींत एक गोष्ट समान आहे तिच्याकडे लक्ष द्यावं. चित्रपट सणाला लावलेला होता. गिरगावातल्या थिएटरमालकाला ठाऊक होतं की ख्रिस्ताच्या जन्माला किंवा मरणाला हा खेळ चालेल. म्हणजे तो निव्वळ करमणुकीचा खेळ राहिला नव्हता. रामनवमीला देवळात कीर्तन ठेवावं तसा तो ठेवला गेला होता.

पडद्यावर होतं काय? चित्रपटाचे अभ्यासक बहुधा आलीस गी या फ्रेंच दिग्दर्शिकेचं नाव घेतात. गोमों कंपनीसाठी तिनं 1906 साली ख्रिस्ताचं चरित्र पंचवीस प्रसंगांत चित्रित केलं होतं. अर्ध्या तासाच्या आसपासचा खेळ, पण त्यात तीनेकशे माणसं वावरत होती. पाथे कंपनीचाही याच विषयावरचा, काही भाग हातानं रंगवलेला चित्रपट त्या काळात जगभर फिरत होता आणि काहींच्या मते फाळक्यांनी पाहिला तो हा. दोन्हींची रचना सारखीच. गोठ्यातला जन्म, शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण, क्रूस, कबरीतून उठणं, असे एकेक देखावे. देखावा उघडतो, माणसं येतात, प्रसंग घडतो, देखावा मिटतो. आधीची कथा माहीत नसेल तर दोन देखाव्यांमधलं काहीच कळू नये. ती माहीत आहे हे गृहीतच धरलेलं.

आलीस गीनं हे देखावे हवेतून काढले नव्हते. जेम्स तिसो या चित्रकारानं पॅलेस्टाइनला जाऊन येऊन बायबलमधल्या प्रसंगांची शेकडो चित्रं काढली होती. ती छापली गेली, घरोघर गेली, आणि त्यांवरून तिनं आपले पोशाख आणि मांडणी बेतली. आता फाळक्यांकडे पाहा. जे. जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा माणूस, छायाचित्रकार, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलेला, पुढं दादरला स्वतःचा छापखाना काढलेला, रंगीत छपाईचं यंत्र पाहायला 1909 साली जर्मनीला जाऊन आलेला. देवांची चित्रं छापून भिंतीवर लागतात, त्यांना हार पडतो, हे त्यांनी धंद्याच्या आतून पाहिलेलं होतं. समोर पडद्यावर त्यांना काय दिसलं असेल? छापील देव हलताना दिसला. तिसोची चित्रं हलू शकतात तर रविवर्म्याची का हलू नयेत, हा विचार छापखान्यातल्या माणसालाच इतक्या चटकन सुचू शकतो.

आणखी एक. फाळके हौशी जादूगार होते. आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावानं ते प्रयोग करीत. कबरीतून ख्रिस्त वर उठतो तेव्हा शेजारच्या प्रेक्षकाला चमत्कार दिसला असेल. या माणसाला चमत्कारही दिसला आणि तो कसा केला असेल हेही दिसायला लागलं. दुसरं तिकीट त्यासाठीही काढलं असणार.

पण त्यांनी स्वतः सांगितलेली प्रतिक्रिया यापेक्षा साधी आहे. ख्रिस्ताच्या आयुष्यातले उदात्त प्रसंग आले तसे आपण नकळत टाळ्या वाजवत होतो, असं ते लिहितात. आणि त्या टाळ्या चालू असतानाच डोळ्यांपुढं रामचंद्र, श्रीकृष्ण, गोकुळ, अयोध्या उभं राहू लागलं. दुसऱ्यांदा पाहताना ती चित्रं पडद्यावरच आल्यासारखी वाटली.

टाळ्या आणि गोकुळ. या दोन गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या आहेत, आणि आज आपण त्यांतली एक गाळून दुसरी सांगतो. अलीकडं ऐकू येणारी हकीकत साधारण अशी असते: मिशनरी लोक चित्रपटाच्या मार्गानं धर्मप्रसार करीत होते, ते पाहून फाळक्यांचं रक्त उसळलं आणि त्यांनी उत्तर म्हणून हिंदू देवतांचे चित्रपट काढले. सभेत हे वाक्य टाळी घेऊन जातं. फाळक्यांच्या लेखात मात्र रक्त उसळल्याची खूण नाही. भारतपुत्रांना पडद्यावर भारतीय प्रतिमा कधी पाहायला मिळतील, ही तळमळ आहे. रात्रभर झोप न येणं आहे. ख्रिस्ताबद्दल अढी नाही. ज्याच्यावर रागवायचं त्याच्यासाठी माणूस नकळत टाळ्या वाजवत नाही आणि खिशातले पैसे घालून त्याला लगेच पुन्हा पाहत नाही.

याउलट, 1917 चा लेख जसाच्या तसा मनाचा आरसा आहे असंही मी म्हणणार नाही. तो लिहिताना फाळक्यांना भांडवल हवं होतं. युद्धामुळे कच्ची फिल्म मिळणं कठीण झालं होतं, 'लंकादहन' नुकतंच गाजलं होतं आणि नव्या कंपनीची बोलणी चालू होती; 1918 च्या आरंभी नाशिकची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. होमरूलचे दिवस होते. आपले चित्रपट भांडवल, माणसं आणि कथा या सगळ्या अर्थांनी स्वदेशी आहेत हे त्यांना ठसवायचं होतं. त्या गरजेपोटी गोकुळ-अयोध्येचा रंग थोडा गडद झाला असेल. पण मग टाळ्यांचा उल्लेख कशाला ठेवला? स्वदेशीच्या वकिलीला त्याचा काहीच उपयोग नव्हता. ज्या तपशिलाचा लेखकाला फायदा नाही तो खरा असण्याचा संभव जास्त, हा इतिहासलेखनातला जुना ठोकताळा इथं लागू पडतो.

फाळके हा चित्रपट पाहणारे पहिले हिंदी गृहस्थ नव्हते, हेही सांगायला हवं. मुंबईत माणेक सेठना यांनी 1904 मध्ये टुरिंग सिनेमा कंपनी काढली, तिच्या खेळांत ख्रिस्तचरित्राचा दोन रिळांचा चित्रपट असल्याची नोंद आहे. दक्षिणेत त्रिचनापल्लीला रेल्वेत नकाशे काढणारे स्वामीकन्नू व्हिन्सेंट यांनी 1905 साली द्युपाँ नावाच्या एका फ्रेंच माणसाकडून यंत्र आणि फिल्मा विकत घेतल्या. त्यांतही ख्रिस्ताचं चरित्र होतं. नोकरी सोडून ते गावोगाव तंबू ठोकत फिरले. तेव्हा येशूची कथा हे भारतातल्या फिरत्या सिनेमाचं सुरुवातीपासूनचं भांडवल होतं. ती का चालत होती याचं उत्तर अवघड नाही. मूकपट होता, कथा थोडक्यात सांगता येई, आणि बाळाचा जन्म, दुष्ट राजा, चमत्कार, छळ आणि मरणानंतरचं उठणं कुणालाही समजावून द्यावं लागत नसे. कंस आणि हेरोद यांच्यातलं साम्य दाखवायला पंडिताची गरज नव्हती.

हे सगळं इथं सहज घडत असताना खुद्द ख्रिस्ती देशांत काय चाललं होतं, ते पाहिलं म्हणजे गंमत वाटते. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये ओबरअमरगाऊ या बव्हेरियन गावातल्या प्रसिद्ध ख्रिस्तनाट्याचं चित्रण म्हणून एक फिल्म दाखवली गेली. प्रत्यक्षात ती न्यूयॉर्कमधल्याच एका इमारतीच्या गच्चीवर घेतलेली होती. वर्तमानपत्रांनी बिंग फोडलं, तरी प्रेक्षक येतच राहिले. इंग्लंडात मात्र वेगळं झालं. 1912 मध्ये 'फ्रॉम द मँजर टु द क्रॉस' हा पॅलेस्टाइन आणि इजिप्तमध्ये चित्रित केलेला अमेरिकन चित्रपट लंडनला आला आणि ख्रिस्ताचं काम नटानं करावं का, यावर गदारोळ उठला. पुढच्याच वर्षी काम सुरू केलेल्या ब्रिटिश सेन्सॉर मंडळाचे ठाम नियम दोनच होते: नग्नता दाखवायची नाही, आणि ख्रिस्ताची आकृती दाखवायची नाही. 1913 चं हे साल. त्याच साली 3 मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. लंडनमध्ये देवाला पडद्यावर आणू नये म्हणून नियम होत होता, तर मुंबईत देवाला पडद्यावर आणण्यासाठी एक माणूस विम्याची पॉलिसी गहाण टाकून कामाला लागला होता.

दाखवण्याबद्दलचा हा संकोच अजून संपलेला नाही. 2014 मध्ये 'नोआ' आला तेव्हा कतार, बहारीन आणि संयुक्त अरब अमिरातीत तो प्रदर्शित होऊ दिला नाही, कारण नूह हा इस्लाममध्येही पैगंबर आणि पैगंबराची आकृती दाखवणं निषिद्ध. ज्या परंपरेत डोळ्यांनी पाहणं हीच पूजा आहे, तिथल्या प्रेक्षकाला हा प्रश्न पडतच नाही. आपल्याकडं देव पाहायला जायचं असतं. 'दर्शन' हा शब्दच मुळी तसा आहे. फाळक्यांनी पॅलेस्टाइनची कथा पाहिली ती या सवयीच्या डोळ्यांनी.

पण केवळ डोळ्यांची सवय पुरेशी नव्हती, असं मला वाटतं. कानांचीही सवय होती. मराठीला येशूची कथा 1910 साली नवी नव्हती. ती तिच्याकडे तीनशे वर्षं होती. गोव्यात राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं 1616 मध्ये राचोलला 'ख्रिस्तपुराण' छापलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचं. त्यातला एक प्रसंग आमच्या विषयाला फार जवळचा आहे. बाटून ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, तर वाचायला-ऐकायला दुसरं एखादं पुराण का देत नाही? प्रेक्षकाची मागणी म्हणतात ती हीच. सिद्धान्त नको, वेळ घालवायला आणि मन रमवायला कथा द्या. आणि स्टीफन्सनी ती दिली, ओवीत दिली, ज्ञानेश्वरी-एकनाथांच्या वळणानं दिली. या ग्रंथाची सालढाणांनी तयार केलेली आवृत्ती मंगळूरला 1907 मध्ये निघाली. फाळक्यांच्या शनिवारापूर्वी अवघी तीन-चार वर्षं.

त्याहून जवळचा धागा आमच्या भागातला आहे. ज्याला आज आपण उपनगर म्हणतो ते साष्टी बेट पोर्तुगीजांकडे दोनशे वर्षं होतं. 1737 मध्ये ते मराठ्यांनी घेतलं. कांजूर, भांडुप, मुलुंडपासून मरोळ, अंधेरीपर्यंतच्या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे त्या काळापासूनचे. त्यांची बोली मराठी. त्यांच्यासाठी फ्रांसिस्कु व्हाज द गिमारायश या पाद्र्यानं ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं आणि मरणाचं पुराण उत्तर कोकणातल्या मराठीत रचलं. ते 1659 मधलं. एकोणिसाव्या शतकातही मुंबईत ते पुन्हा छापलं जात होतं. उपासाच्या चाळीस दिवसांत ऐकण्याची ही कथा. म्हणजे कांजूरच्या गावठाणातला म्हातारा ख्रिस्ती पहिल्यांदा तंबूतल्या पडद्यावर क्रूस पाहत होता तेव्हा तो ओव्यांत ऐकलेली गोष्ट पाहत होता. पुराण ऐकून घरी आलेला माणूस आणि चित्रपट पाहून घरी आलेला माणूस यांच्यात तेव्हा आजच्याइतकं अंतर नव्हतं.

या बाजूनं पाहिलं की फाळक्यांच्या हाती काय झालं ते उलगडतं. स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा पुराणाच्या साच्यात ओतली. तीनशे वर्षांनी फाळक्यांनी पुराणाची कथा ख्रिस्तपटाच्या साच्यात ओतली. एकेक देखावा, समोरासमोरची मांडणी, प्रेक्षकाला कथा ठाऊक आहे हा भरवसा, चमत्काराच्या क्षणी थांबणं हे सगळं त्यांनी जसंच्या तसं उचललं. साचा एकदा इकडून तिकडे गेला, एकदा तिकडून इकडे आला. कोणी कोणाचं घेतलं याचा हिशेब मांडायला बसलं तर तो कधी जुळायचा नाही.

त्या थिएटरातून बाहेर पडताना फाळक्यांबरोबर आणखी एक प्रेक्षक होती. तिचा प्रतिसाद कोणी फारसा सांगत नाही. या ख्रिस्तचरित्रासारखे आपण राम-कृष्णांवर चित्रपट काढू, असं नवऱ्यानं म्हटलं तेव्हा सरस्वतीबाईंना आनंद झाला नाही. त्या गप्प राहिल्या, अशी त्यांचीच आठवण आहे. मला हा गप्पपणा फार खरा वाटतो. छापखान्यातल्या भागीदारीतून नवरा बाहेर पडलेला, पदरी मुलं, आणि हा म्हणतो राम-कृष्ण हलवून दाखवू. पुढं दागिने गेले, घरातली भांडीकुंडी गेली. रात्री कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाईंनी केलं, रसायनं कालवली, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला. एकाच चित्रपटाला दोन प्रेक्षकांच्या दोन प्रतिक्रिया होत्या: एकाच्या टाळ्या, एकीचं मौन. भारतीय चित्रपटाला दोन्हींची किंमत द्यावी लागली, आणि मौनाची अजून पुरती दिलेली नाही.

आता फाळक्यांचे स्वतःचे प्रेक्षक. एरिक बार्नाउ आणि एस. कृष्णस्वामी यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय चित्रपटाच्या इतिहासात लिहिलंय की 'लंकादहन'मध्ये राम आणि 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कृष्ण पडद्यावर येताच बायका-पुरुष पडद्यासमोर लोटांगण घालीत. 'लंकादहन'मधला राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके या एकाच पुरुषानं केलेली. प्रेक्षकांना ते कळत नव्हतं असं नाही. 'कालियामर्दन'च्या सुरुवातीला तर फाळक्यांनी आपली मुलगी मंदाकिनी हिला आधी तिच्या स्वतःच्या रूपात, चेहऱ्यावरचे भाव बदलताना दाखवलं आणि मगच तिचा कृष्ण केला. ही माझी पोर आहे हे आधी सांगून टाकलं. तरी नमस्कार व्हायचे ते झालेच. नट माहीत असूनही देव दिसतो, हे लंडनच्या सेन्सॉर मंडळाला समजावून सांगणं कठीण गेलं असतं. दशावतारी खेळ पाहिलेल्या कोकण्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसतं.

'श्रीकृष्णजन्म'चे जे तुकडे आज उरले आहेत त्यांत एक दृश्य आहे. यमुनेतून कालियावर उभा असा कृष्ण वर येतो आणि काठावर भक्तांचा जमाव हात जोडून उभा आहे. फाळक्यांनी पडद्यातच प्रेक्षक उभे केले. मला ते दृश्य पाहताना नेहमी वाटतं की अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमधला तो शनिवार फाळके इथं चित्रित करतायत. फक्त खुर्च्या काढून घेतल्या आहेत.

मात्र एका गोष्टीत फाळक्यांनी ख्रिस्तपटाचं सगळं घेतलं नाही. छळ त्यांनी फारसा घेतला नाही. त्यांचा कृष्ण जिंकतो, त्यांचा हनुमान जाळतो. हरिश्चंद्र सोसतो खरा, पण शेवटी त्याला राज्य परत मिळतं. क्रूसावरच्या माणसाचं निमूट सोसणं मराठी पडद्यावर आलं ते फार पुढं, 1936 साली, प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये. दामले-फत्तेलालांनी ख्रिस्तपट डोळ्यांपुढं ठेवला होता असं मला अजिबात सुचवायचं नाही. तुकोबांची कथा आपल्या पायांवर उभी आहे. पण गाव टर उडवतं, प्रतिष्ठित पंडित कट करतात, लिहिलेलं पाण्यात बुडवायला लावतात, माणूस शिव्या न देता सोसतो आणि शेवटी सदेह वर जातो, ही चढण दोन्हीकडं सारखी आहे. तो चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ एकाच थिएटरात चालला, आणि विष्णुपंत पागनीसांना लोक रस्त्यात वाकून नमस्कार करीत. 'दयासागर'च्या वेळी काकूंना तुकोबा आठवले ते पुस्तकातून नव्हे. त्यांच्या पिढीनं तुकोबा पडद्यावर पाहिले होते. पागनीसांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांत होता, त्यावर त्यांनी विजयचंदरांचा चेहरा ठेवून पाहिला. फाळक्यांनी केलं तेच, फक्त त्यांच्यापाशी कॅमेरा नव्हता.

'करुणामयुडु'चे दिग्दर्शक ए. भीमसिंग चित्रपट पुरा होण्याआधीच वारले. पुढं त्याची अनेक भाषांत रूपं झाली आणि प्रोजेक्टर घेऊन हिंडणाऱ्या प्रचारकांनी तो खेड्यापाड्यांत दाखवला. हेतू धर्मप्रसाराचा होता, यात लपवण्यासारखं काही नाही आणि नाकारण्यासारखंही नाही. पण दाखवणाऱ्याचा हेतू आणि पाहणाऱ्याचं पाहणं यांची गाठ पडतेच असं नाही, हे गिरगावातल्या त्या प्रेक्षकानं आधीच दाखवून दिलं होतं. पडद्यावर काय आहे ते दाखवणारा ठरवतो, पण त्यातून उठून काय उभं राहतं ते प्रेक्षकाचं. ख्रिस्ती गावठाणातल्या मुलांनाही त्या रात्री आमच्याकडून काही अपेक्षा होती असं मला आठवत नाही. त्यांना आपला देव शेजाऱ्यांना दाखवायचा होता. गणपतीत आम्ही त्यांना बोलवायचो, तसंच.

खेळ संपला तेव्हा अकरा वाजून गेले होते. लोकल पकडायला काहीजण स्टेशनकडे पळाले. मुलांनी सतरंज्या गोळा केल्या आणि स्टीलच्या डब्यातून सगळ्यांना कलकल वाटले. काकूंनी उजवा हात पुढं करून, त्याखाली डावा हात धरून ते घेतले, डोळ्यांना लावले आणि म्हणाल्या, "घरी आमच्या ह्यांची दुसरी पाळी आहे रे, त्यांच्यासाठी पण दे थोडा प्रसाद." मुलगा क्षणभर घुटमळला. मग त्यानं वर्तमानपत्राचा तुकडा फाडला आणि मूठभर कलकल पुडीत बांधून दिले.